पेढीवरचा माणूस रस्त्यावर

बदलीच्या हुकुमाने जबलपूरला आलेला मराठी माणूस पहिल्या दोन-चार रविवारांत येथील प्रेक्षणीय स्थळे उरकून टाकतो. भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधारचा गर्जणारा लोट, मदनमहालाभोवतीचे काळ्या कातळांचे रान, एवढे पाहून झाले की गाव पाहिले असे तो समजतो आणि तसे घरी कळवतो. टाऊन हॉल पाहून आलो, असे मात्र कोणी कळविल्याचे आमच्या ऐकिवात नाही. व्हिक्टोरिया राणीच्या नावाने उभारलेली ही इमारत आज गांधी भवन म्हणून ओळखली जाते. तेथे ग्रंथालय आहे, वाचकांची ये-जा आहे. परंतु या इमारतीच्या छपरावर एके काळी जे घडले त्याची चर्चा लंडनच्या पार्लमेंटात झाली होती, आणि तेथून जी ठिणगी उडाली ती दक्षिणेस नागपूरला जाऊन पेटली, याची आठवण वाचकांपैकी किती जणांस असते कोण जाणे!

आम्हांस ही हकीकत आज सांगावीशी वाटते ती केवळ गावाचा अभिमान म्हणून नव्हे. या हकीकतीत दोन धनिक घराण्यांचा संबंध येतो, एक जबलपूरचे आणि एक वर्ध्याचे. ज्यांस गमावण्यासारखे पुष्कळ होते अशा पेढीवरच्या माणसांनी रस्त्यावर उतरून काय कमावले, काय गमावले, आणि पुढे काय आठवले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. श्रीमंतांच्या आठवणींकडे एकतर भाबडेपणाने नाहीतर कुत्सितपणे पाहण्याची आपली सवय आहे. त्यांची नीट पारख करावी म्हणून हा खटाटोप.

प्रथम टाऊन हॉलची गोष्ट. १९२२ साली असहकाराची लाट ओसरली होती. गांधीजींना त्या वर्षी १८ मार्च रोजी अहमदाबादेस सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि पुढे काय करावे याविषयी काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. देशाची मनःस्थिती अजमावण्यासाठी काँग्रेसने हकीम अजमलखान, मोतीलाल नेहरू, विठ्ठलभाई पटेल, राजगोपालाचारी आदी पुढाऱ्यांची एक समिती नेमली. ही समिती फिरत फिरत जबलपूरला आली, तेव्हा तिच्या स्वागताप्रीत्यर्थ टाऊन हॉलवर राष्ट्रीय झेंडा लावण्यात आला. त्या काळचा झेंडा आजच्यासारखा नव्हता. पांढरा, हिरवा आणि तांबडा असे तीन पट्टे व त्यांवर चरखा, असे त्याचे रूप होते. इमारत नगरपालिकेची, नगरपालिका लोकांनी निवडलेली, तेव्हा तिच्या छपरावर लोकांचा झेंडा लागला यात विपरीत काहीच नव्हते. पण साम्राज्याच्या दृष्टीने सार्वजनिक इमारत ही सरकारची इमारत होती. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला आणि असा प्रकार पुन्हा घडणार नाही अशी हमी मंत्र्यांनी दिली.

ही हमी पाळण्याची वेळ लवकरच आली. १९२३ च्या मार्च महिन्यात राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जमनालाल बजाज प्रभृती मंडळी जबलपूरला आली. टाऊन हॉलवर झेंडा लावण्याची गोष्ट पुन्हा निघाली. या वेळी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने अट घातली, की लावायचाच असेल तर शेजारी युनियन जॅकही लावावा. ही अट मान्य होणे शक्य नव्हते. १८ मार्च रोजी, म्हणजे गांधीजींच्या शिक्षेच्या पहिल्या वर्षदिनी, पंडित सुंदरलाल यांच्या पुढारीपणाखाली झेंडा घेऊन मिरवणूक निघाली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान तीत होत्या. मिरवणूक अडविण्यात आली, झेंडा काढून घेण्यात आला, सुंदरलालांना पकडून पुढे सहा महिन्यांची शिक्षा देण्यात आली. पण त्याच दिवशी प्रेमचंद जैन, सीताराम जाधव, परमानंद जैन आणि खुशालचंद जैन हे चौघे टाऊन हॉलवर चढले आणि त्यांनी तेथे झेंडा फडकविला. यांतील प्रेमचंदजींस गावाने पुढे ‘उस्ताद’ ही पदवी दिली. ती कोणत्याही गॅझेटात छापली गेली नाही, आणि म्हणूनच ती जन्मभर टिकली.

या नामावळीतील जाधव हे आडनाव वाचताना मराठी वाचकाची नजर क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. त्या थबकण्याचे कारण पुढे येईल.

वादाचे मूळ काय होते, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. झेंडा हे निमित्त होते. खरा प्रश्न असा होता, की ज्या इमारतीस आपण कर भरतो तिच्या छपरावर, आणि ज्या रस्त्याची डागडुजी आपल्या पैशाने होते त्या रस्त्यावर, आपली सत्ता आहे की नाही. आज नागरिकांचे हक्क या शब्दांनी आपण जे म्हणतो ते हेच होते.

हा प्रश्न जबलपूरहून नागपूरला गेला. त्या काळी दोन्ही गावे मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होती आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. काँग्रेसने १९२० साली भाषेच्या तत्त्वावर आपले प्रांत पाडले, तेव्हा हिंदी मध्यप्रांत आणि मराठी मध्यप्रांत अशी तिची दोन घरे झाली. तथापि झेंड्याने ही भिंत मानली नाही. १३ एप्रिल १९२३ रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपूरला निघालेली मिरवणूक सिव्हिल स्टेशनच्या वाटेवर अडविली गेली आणि तिजवर मारहाण झाली. सिव्हिल स्टेशन म्हणजे साहेबलोकांची वस्ती. तेथे बंगले, बागा आणि शांतता. गावातील गल्ल्यांतून झेंडा कितीही मिरवा, पण या सावलीच्या रस्त्यांवर त्याने येता कामा नये, असा सरकारचा आग्रह होता. १ मे रोजी जिल्हा मॅजिस्ट्रेटने फौजदारी संहितेच्या १४४ व्या कलमान्वये मनाईहुकूम काढला आणि त्याच दिवशी सत्याग्रह सुरू झाला. त्याची सूत्रे होती वर्ध्याचे व्यापारी शेठ जमनालाल बजाज यांच्या हाती.

जमनालालजींचे पूर्वचरित्र वैदर्भीय वाचकांस परिचित आहे. ज्यांस नसेल त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगतो. १८८९ साली राजस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यात गरीब घरी जन्मलेला हा मुलगा वर्ध्याचे धनाढ्य शेठ बच्छराज यांच्या घरात दत्तक गेला. टिळकांच्या प्रेरणेने माधवराव सप्रे यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ काढावयाचे ठरविले, तेव्हा या मुलाने रोजच्या खाऊच्या पैशांतून साठविलेले शंभर रुपये त्या कार्यास दिले. माधवराव सप्रे हे जन्माने मराठी, कर्तृत्वाने हिंदीचे. त्यांचा जबलपूरशी असलेला ऋणानुबंध येथील हिंदी मंडळी आजही आदराने सांगतात. दुसरी गोष्ट सतराव्या वर्षाची. आजोबा रागाच्या भरात धनावरून काही बोलले, तेव्हा या तरुणाने तुमच्या संपत्तीवर माझा कसलाही हक्क नाही असे लिहून दिले आणि घर सोडले. त्याला समजावून परत आणावे लागले. संपत्ती पुढे त्याच्याकडेच आली. पण हातात आलेले धन आपले नाही, हे एकदा कागदावर लिहून दिलेल्या माणसाने पुढे ते तसेच वापरले. सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी १९२१ साली परत केली.

नागपूरच्या सत्याग्रहाची रीत साधी होती. रोज स्वयंसेवकांची एक तुकडी झेंडा घेऊन सिव्हिल स्टेशनच्या दिशेने चालू लागे. हद्दीवर पोलीस तिला थांबवीत, पकडीत आणि तुरुंगात पाठवीत. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. प्रथम नागपूरची माणसे होती, मग गुजरातची आली, बिहारची आली, मद्रासकडची आली. विनोबा भावे याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी स्वयंसेवक आणले, आणि तुरुंगात त्यांना जे दिसले त्यातून वर्षअखेरीस हिंदुस्थानी सेवादल जन्मास आले. एकूण दीड हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. एवढ्या माणसांच्या राहण्या-जेवण्याची, गाडीभाड्याची, मागे राहिलेल्या कुटुंबांची व्यवस्था पाहणे हे व्यापाऱ्याचे कसब. पेढी चालविणाऱ्या माणसाला दूरच्या गावाहून माल वेळेवर कसा आणावा हे कळते. जमनालालजींनी हेच ज्ञान माणसे आणण्यास लावले.

१७ जून रोजी त्यांना अटक झाली. अठरा महिन्यांची शिक्षा आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावास काढली. त्या काळी मध्यप्रांतात मोटारी मोजक्याच होत्या आणि त्यांची हौस असणारे श्रीमंत पुष्कळ. तरीही नागपुरात त्या मोटारीस कोणी बोली लावीना. शेवटी सरकारला ती मोटार काठेवाडात पाठवून विकावी लागली.

संपूर्ण सत्याग्रहातील हा प्रसंग आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. जे शेकडो तरुण तुरुंगात गेले त्यांचे धैर्य उघड दिसते. परंतु लिलावाच्या जागी गप्प उभे राहिलेल्या माणसांचे धैर्य कोणत्याही यादीत येत नाही. त्यांतील कोणाचे सरकारी कंत्राट असेल, कोणाचा मुलगा सरकारी नोकरीत असेल, कोणाचे जमनालालजींशी धंद्याचे वैरही असेल. स्वस्तात मिळणारी मोटार न घेणे, एवढेच त्यांनी केले. व्यापारी समाजाचा पाठिंबा म्हणजे काय, हे मोजण्याचे याहून चांगले माप आम्हांस ठाऊक नाही. सभेतील टाळ्या खोट्या असू शकतात, पण न लागलेली बोली खोटी असू शकत नाही.

गांधीजी येरवड्यास होते. तेव्हा जमनालालजींच्या मागे सत्याग्रहाची धुरा घेण्यासाठी वल्लभभाई पटेल गुजरातेतून नागपूरला आले. त्यांचे वडील बंधू विठ्ठलभाई यांनी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्याशी बोलणी केली. १८ ऑगस्ट १९२३ रोजी शंभर स्वयंसेवकांची मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल स्टेशनमधून बिनअटकाव गेली. सप्टेंबरात कैदी सुटले. यानंतर जो वाद माजला तो आमच्यासारख्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्यांस मोठा रंजक वाटतो. मिरवणुकीच्या मार्गाची पूर्वसूचना देण्यात आली होती. ती परवानगीसाठी केलेली विनंती होती की नुसती माहिती? सरकार म्हणाले विनंती, काँग्रेस म्हणाली माहिती. एका कागदाच्या अर्थावर साम्राज्य आणि राष्ट्र हमरीतुमरीवर आले. पण रस्त्याला हा वाद कळत नव्हता. त्याच्यावरून झेंडा गेला होता, एवढे खरे.

आता जबलपूरच्या घराण्याकडे वळू. शेठ सेवाराम खुशालचंद यांची पेढी ही या गावची जुनी, मातब्बर पेढी. राजा गोकुळदास हे त्या घराण्यातील थोर पुरुष. त्यांचे नातू शेठ गोविंददास यांचा जन्म १८९६ चा. आजोबांस सरकारने राजा केले, वडील दिवाणबहादूर झाले. असल्या घरातील तरुणाने असहकारात उडी घ्यावी, हिंदीची मासिके आणि संस्था काढाव्यात, मध्यवर्ती कायदेमंडळात स्वराज्य पक्षातर्फे बसावे, हे सर्व घराला न रुचणारे होते. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाचे वारे वाहू लागले, तेव्हा द्वारकाप्रसाद मिश्र आणि गोविंददास यांनी जबलपूरच्या लोकांस घेऊन राणी दुर्गावतीच्या समाधीपाशी शपथ घेतली. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या गावात मिठाचा कायदा मोडला गेला आणि शेठजी तुरुंगात गेले. त्यानंतर तुरुंगाची वाट त्यांनी पुन्हा पुन्हा तुडविली. सरकारविरुद्धच्या या बंडापायी वडिलोपार्जित संपत्तीच्या वारशालाही ते मुकले. पुढे १९३९ च्या मार्चमध्ये येथून जवळच त्रिपुरीस काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. त्या अधिवेशनात अध्यक्षांची तसबीर बावन्न हत्तींच्या मिरवणुकीने नेण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९७४ साली मृत्यू येईपर्यंत ते जबलपूरतर्फे लोकसभेत बसले.

गोविंददास नाटककार होते. शंभराच्या वर नाटके लिहिणाऱ्या या गृहस्थांनी ‘आत्म-निरीक्षण’ या नावाने आपले आत्मचरित्र तीन भागांत लिहिले. जमनालालजींनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या दैनंदिनी आणि पत्रे मागाहून छापली गेली, आणि त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी ‘मेरी जीवन यात्रा’ हे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. पडद्यात वाढलेल्या, अंगभर सोने घालणाऱ्या बाईने सोने उतरवावे, पडदा टाकावा आणि सभेत उभे राहून बोलावे, हा प्रवास त्या पुस्तकात आहे. पेढीवरचा माणूस रस्त्यावर उतरला की घरातील माणसांनाही उंबरठा ओलांडावा लागतो, हे आपणांस पुरुषांच्या आठवणींतून तितकेसे कळत नाही.

श्रीमंतांच्या आठवणींचा एक मोठा गुण असा, की त्यांत किंमत लिहिलेली असते. काय सोडले याचा आकडा असतो: पदवी, मोटार, दंड, वारसा. गरीब सत्याग्रही जे सोडतो त्याचा आकडाच नसतो. एका महिन्याची मजुरी बुडाली, शेताची पेरणी हुकली, मुलीचे लग्न लांबले, हे कोणत्या खात्यात मांडणार? म्हणून धनिकांचा त्याग इतिहासाच्या पुस्तकात ठळक दिसतो आणि दरिद्र्यांचा पुसट होतो. टाऊन हॉलवर चढलेल्या चौघांत एक सीताराम जाधव होते, हे नाव यादीत उरले. अशा माणसांच्या आठवणींचे तीन भाग निघत नाहीत. गावाला त्रिपुरीचे बावन्न हत्ती आठवतात, पण छपरावर चढलेली चार माणसे आठवण्यासाठी मुद्दाम जुनी पाने उलटावी लागतात. यात शेठजींचा दोष नाही. पण त्यांच्या आठवणी वाचताना वाचकाने एवढे भान ठेविले पाहिजे, की हा आवाज स्पष्ट ऐकू येतो तो बोलणारा उंच जागी उभा आहे म्हणूनही.

दुसरी परीक्षा याहून कठीण आहे. नागपूरच्या रस्त्यासाठी दीड हजार माणसे तुरुंगात गेली, हे खरे. पण तो रस्ता खुला झाला तेव्हा सर्वांना खुला झाला काय? साहेबाने अडविलेला रस्ता मोकळा झाला. आपणच आपल्या बांधवांस अडविलेल्या रस्त्यांचे काय? योगायोग पाहा. नागपूरच्या मिरवणुकीच्या अवघे चौदा दिवस आधी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून आपले चवदार तळे खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा हा ठराव कागदावरून उतरला, आणि पाणी पिणाऱ्यांवर हल्ला झाला. हुकूम मोडल्याबद्दल नागपूरला मार पडला होता. महाडला मार पडला तो लेखी मिळालेला हक्क बजावल्याबद्दल, आणि मारणारे परके नव्हते. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे नागरिकांचे हक्क या शब्दांचा सगळा विस्तार डोळ्यांपुढे येतो.

जमनालालजींचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो. १९२३ मध्ये त्यांनी दुसऱ्याचा हुकूम मोडला, १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचा मोडला. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांच्या घराण्याचे. त्याच्या दाराशी सरकारचा पोलीस उभा नव्हता, १४४ वे कलम नव्हते. तेथे मनाई होती ती रूढीची आणि मालकाच्या संमतीची. जुलै १९२८ मध्ये जातभाईंचा विरोध पत्करून त्यांनी ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या सर्वांस खुले केले. देशात अशी उदाहरणे तेव्हा विरळा होती. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू व्हावयास अजून दोन वर्षे होती, आणि तेथील दारे वर्षानुवर्षांच्या सत्याग्रहानेही उघडली नाहीत. परक्या सत्तेविरुद्ध तुरुंगात जाण्याने माणसाची प्रतिष्ठा वाढते, गळ्यात हार पडतात. आपल्या देवळाचे दार उघडण्याने पंगतीतील पान उठते, सोयरीक तुटते. यांपैकी कोणते धैर्य अधिक, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. मंदिर खुले झाले एवढ्याने अस्पृश्यता गेली नाही, हे सांगणे नको. पण स्वतःच्या मालकीच्या दारापासून सुरुवात करण्याची रीत त्यांनी घालून दिली.

जगात अन्यत्र असा प्रसंग आला तेव्हा व्यापारी कसे वागले, याचे एक उदाहरण तुलनेसाठी घेऊ. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे पोलादाचे शहर आहे. तेथे काळ्या लोकांना दुकानात पैसे खर्च करण्याची मुभा होती, पण त्याच दुकानातील उपाहाराच्या टेबलाशी बसण्याची नव्हती. १९६३ च्या वसंतात फ्रेड शटल्सवर्थ आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. शाळकरी मुलांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे सोडण्यात आले, हजारो पकडले गेले. ईस्टरच्या ऐन हंगामात काळ्या गिऱ्हाइकांनी बाजारावर बहिष्कार घातल्याने दुकाने ओस पडली. तेव्हा सिडनी स्मायर नावाचे जमीनजुमल्याचे व्यापारी तडजोडीस पुढे झाले. हे गृहस्थ वर्णभेदाचे जुने पुरस्कर्ते. दोन वर्षांपूर्वी ते रोटरीच्या परिषदेसाठी टोकियोस गेले असता आपल्या गावातील मारहाणीचे छायाचित्र तेथील वर्तमानपत्रात पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. जगापुढे झालेली शोभा आणि बुडणारा धंदा यांनी त्यांचे मत नाही, पण वर्तन बदलले. १० मे १९६३ रोजी समझोता जाहीर झाला आणि टेबले, प्रसाधनगृहे टप्प्याटप्प्याने सर्वांना खुली करण्याचे ठरले.

स्मायर आणि जमनालाल यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. एकाने हिशेब पाहून माघार घेतली, दुसऱ्याने हिशेब बाजूस ठेवून पुढे पाऊल टाकले. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. व्यापाऱ्याला हलविणारी शक्ती त्याच्या बाहेर होती. रस्त्यावर चालणारी, मार खाणारी, बहिष्कार घालणारी सामान्य माणसे आधी होती, म्हणून पेढीवरच्या माणसाला निवड करावी लागली. ज्या आठवणींत ही माणसे दिसतात त्या खऱ्या आठवणी. ज्यांत केवळ स्वतःचा उदारपणा दिसतो त्या जमाखर्चाच्या वह्या.

शेवटी एक गोष्ट आमच्या पेशाची. नागपूरचा तो मनाईहुकूम कोणी तरी स्वच्छ अक्षरात उतरून काढला असेल. त्याच्या प्रती केल्या असतील, जावक नोंदवहीत क्रमांक टाकला असेल, आणि शाई वाळल्यावर साहेबापुढे सहीसाठी ठेवला असेल. तो कारकून बहुधा आपल्यासारखाच असणार, पदवी घेऊन नोकरीस लागलेला, घरी पाच-सात माणसे पोसणारा. संध्याकाळी घरी जाताना त्याने तुकडी पकडली जाताना पाहिली असेल. तो काय करू शकत होता? फारसे काही नाही. लिलावात बोली न लावण्याएवढेही त्याच्या हाती नव्हते, कारण मोटार घेण्याची त्याची ऐपतच नव्हती. त्याच्या आठवणी कोणी मागितल्या नाहीत आणि त्याने त्या लिहिल्याही नाहीत.

राज्य बदलले, झेंडा बदलला. १४४ वे कलमही १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३ या क्रमांकाने नांदते आहे. कागद मात्र अजूनही आमच्याच हातांतून जातात. कोणाला रस्ता द्यावयाचा, कोणाचा अर्ज पुढे सरकवावयाचा, कोणाला ‘उद्या या’ म्हणावयाचे, अशी लहान लहान दारे आपल्या टेबलावर रोज उघडतात व मिटतात. त्यांतील पुष्कळ दारांना कोणताही हुकूम आडवा येत नाही. आडवा येतो तो आपला कंटाळा, किंवा समोरच्याच्या आडनावावर, बोलीवर, पायांतील वहाणांवर क्षणभर रेंगाळलेली आपली नजर. मघाशी जाधव या नावापाशी आमची नजर थबकली, ती आपला माणूस म्हणून, प्रेमाने. पण त्याच नजरेला दुसऱ्या एखाद्या आडनावापाशी वेगळ्या कारणाने थबकण्याची सवय नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील?

वर्ध्याच्या शेठजींस आपले दार ओळखता आले आणि त्यांनी ते उघडले. आमच्याजवळ देऊळ नाही, मोटार नाही, परत करावयास रायबहादुरीही नाही. पण टेबल आहे. कचेरीतून परतताना कधी टाऊन हॉलवरून जाण्याचा योग आला, तर वाचकांनी क्षणभर थांबून त्या छपराकडे पाहावे, आणि दिवसभरात आपल्या टेबलावरील किती दारे उघडली याचा हिशेब तेथेच करावा. पेढीवरच्या माणसास तो करावा लागला होता. आपणांस तो चुकेल असे आम्हांस वाटत नाही.